मोठ्या कंपनीची ऑफर आली, आता हिशेब कसा मांडायचा? सोलापूरकरांसाठी सविस्तर मार्गदर्शन

"मोठ्या कंपनीत लागला, पोराचं कल्याण झालं." सोलापुरात हे वाक्य आजही घरोघरी ऐकू येतं, आणि त्यामागे कारण आहे. १८७७ साली सुरू झालेली जुनी मिल, लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजी या गिरण्यांच्या भोंग्यावर ज्या पिढीचा दिवस उगवला आणि मावळला, तिच्यासाठी मोठ्या मालकाची नोकरी म्हणजे ठरल्या तारखेचा पगार, बोनस आणि लग्नाच्या बाजारात वजन. त्याच पिढीने ते भोंगे बंद पडतानाही पाहिले. कायम नोकरीतला माणूस यंत्रमागावर किंवा रिक्षावर गेलेला पाहिला. त्यामुळे मोठ्या कंपनीवरचा विश्वास आणि मोठ्या कंपनीची धास्ती, दोन्ही आपल्याच घरात एका छपराखाली राहतात.

निर्णय घेताना या दोन्ही भावना बाजूला ठेवाव्या लागतात. मी बरीच वर्षं एचआरच्या कामात आहे, आणि माझं ठाम मत असं की "मोठी कंपनी चांगली की छोटी?" हा प्रश्नच उपयोगाचा नाही. दहा हजार माणसांच्या कंपनीत तुमचा रोजचा संबंध येतो तो दहा-बारा जणांशी, एका साहेबाशी, एका शिफ्टशी आणि तुमचं नाव ज्या हजेरीपटावर आहे त्या हजेरीपटाशी. मोजायचं ते हे. कसं मोजायचं, ते क्रमाने सांगतो.

१. आधी घरचा कागद, मग कंपनीचा

ऑफर लेटर उघडण्याआधी एका कोऱ्या कागदावर पुढच्या तीन वर्षांत घराला काय लागणार ते लिहा. कर्जाचे हप्ते, बहिणीचं लग्न, आईवडिलांचं औषधपाणी, स्वतःचं राहिलेलं शिक्षण. समोर रुपयांत आकडा आणि साधारण महिना. हे काम आधी करायचं कारण असं की ऑफरचा मोठा आकडा एकदा डोळ्यांत भरला की माणूस गरजा त्या आकड्याला जुळवून घेतो. तेवीस वर्षांच्या, जबाबदारी नसलेल्या मुलाचा कागद आणि चव्वेचाळीस वर्षांच्या, दोन मुलांच्या बापाचा कागद यांत इतका फरक असतो की दोघांना एकच सल्ला देणारा माणूस दोघांपैकी एकाचं नुकसान करतो.

२. पगार नेमका कोण देणार?

सगळ्यात जास्त फसगत इथे होते, म्हणून इथे थोडं थांबू.

आपल्याकडून आयटीआय, डिप्लोमा झालेली मुलं दरवर्षी चाकण, रांजणगाव, भोसरी भागात जातात. काही आपल्याच चिंचोळी किंवा अक्कलकोट रोड एमआयडीसीत लागतात. घरी सांगताना कंपनीचं मोठं नाव सांगितलं जातं. युनिफॉर्मवर त्याच कंपनीचं बोधचिन्ह असतं, कँटीन तेच, गेटही तेच. पण नेमणूकपत्राच्या डोक्यावर नाव असतं एखाद्या कंत्राटदाराचं. मग मोठ्या कंपनीचे जे फायदे म्हणून आपण गृहीत धरतो (गट आरोग्य विमा, पगारवाढीचा करार, बढती, अंतर्गत बदली) त्यांतले बहुतेक तुमच्यापर्यंत पोहोचतच नाहीत. पहाटेच्या शिफ्टची धावपळ आणि घरापासूनचं अंतर मात्र पूर्ण वाट्याला येतं.

म्हणून हे प्रश्न सरळ विचारा. नेमणूकपत्र कोणाच्या लेटरहेडवर येणार? मी कायम कर्मचारी, ठराविक मुदतीचा कर्मचारी, कंत्राटी कामगार की अप्रेंटिस? अप्रेंटिस असाल तर १९६१ च्या कायद्याप्रमाणे तुम्ही प्रशिक्षणार्थी असता आणि तुम्हाला विद्यावेतन मिळतं. त्या काळात पीएफ कापला जात नाही आणि पुढे नोकरी मिळेलच अशी हमी नसते. शिकण्यासाठी अप्रेंटिसशिप उत्तम, पण तिला नोकरी समजून चालू नका. मुदतीच्या कराराचंही सगळं वाईट नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या श्रमसंहितांनुसार ठराविक मुदतीच्या कर्मचाऱ्याला एका वर्षाच्या सेवेनंतरही ग्रॅच्युइटीचा (सेवेबद्दल नोकरी सोडताना मिळणाऱ्या एकरकमी रकमेचा) हक्क आहे. कायम कर्मचाऱ्याला ती सर्वसाधारणपणे पाच वर्षांनंतर मिळते.

पडताळणी स्वतः करता येते. पीएफचा कारभार पाहणाऱ्या ईपीएफओच्या संकेतस्थळावर आस्थापना शोधण्याची सोय आहे. तिथे नाव टाकलं की कंपनी दर महिन्याला पीएफ भरते का आणि किती माणसांचा भरते ते दिसतं. कंत्राटदाराचं नाव टाकूनही बघा. शंभर माणसं पुरवतो म्हणणाऱ्याचा भरणा वीस जणांचा दिसला, तर आणखी काही विचारायची गरज उरत नाही.

कंपनी शेअर बाजारात नोंद असलेली असेल तर तिचा वार्षिक अहवाल मोफत वाचता येतो. सोलापूरशी नातं असलेल्या एनटीपीसी, बालाजी अमाईन्स, प्रिसिजन कॅमशाफ्ट्स या अशाच कंपन्या आहेत. बाजारमूल्यानुसार पहिल्या हजार नोंदणीकृत कंपन्यांना २०२२-२३ पासून 'बीआरएसआर' नावाचा अहवाल सक्तीचा आहे. त्यात कायम कर्मचारी किती, बिगर-कायम किती, नोकरी सोडून जाणाऱ्यांचं प्रमाण किती, विमा आणि प्रसूती रजेचा लाभ किती जणांना, कर्मचाऱ्यांच्या तक्रारी किती हे सगळं तक्त्यांत दिलेलं असतं. इंग्रजी जड वाटली तरी आकडे वाचता येतात. नोकरी शोधणाऱ्याने हे तक्ते उघडलेच पाहिजेत.

एक इशारा झटपट: नोकरी लावण्यासाठी 'डिपॉझिट', 'लॅपटॉपचे पैसे' किंवा 'व्हेरिफिकेशन फी' मागणारा कुणीही असो, तिथेच संवाद संपवा.

३. सीटीसी सोलून बघा

अशोक चौकाजवळच्या एका घरात बसून आम्ही एका मुलीचं ऑफर लेटर वाचत होतो. वडील टॉवेलच्या कारखान्यात कामाला, मुलगी इंजिनिअर. पुण्यातल्या मोठ्या कंपनीची वर्षाला सहा लाखांची ऑफर. "काका, महिन्याला पन्नास हजार होतात," ती म्हणाली. आम्ही पत्रामागची पुरवणी काढली आणि कागदावर मांडायला घेतलं. आकडे समजायला सोपे व्हावेत म्हणून इथे थोडे गोल केले आहेत.

वर्षाची सीटीसी, म्हणजे कंपनी तिच्यावर करणार तो एकूण खर्च, ६,००,००० रुपये. त्यात मूळ पगार निम्मा, म्हणजे महिन्याला २५,०००. कंपनीच्या वाट्याचा पीएफ १२ टक्क्यांनी वर्षाला ३६,०००, तोही सीटीसीतच धरलेला. ग्रॅच्युइटीची तरतूद मूळ पगाराच्या ४.८१ टक्के, १४,४३०. आरोग्य विम्याचा हप्ता ९,५७०. कामगिरीनुसार मिळणारा बदलता पगार ६०,०००. हे सगळं वजा केलं की उरतात ४,८०,०००, म्हणजे महिन्याला ४०,०००. त्यातून तिच्या वाट्याचा पीएफ ३,००० आणि व्यवसायकर २०० गेला की खात्यात जमा होणार ३६,८००. नव्या कररचनेत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर लागत नाही, त्यामुळे आयकर शून्य.

पन्नास हजारांचे छत्तीस हजार आठशे झाले म्हणजे कुणी तिला फसवलं असं नव्हे. पीएफ तिचाच आहे. पण पाच वर्षांआधी नोकरी सोडली तर कायम कर्मचाऱ्याला ग्रॅच्युइटी मिळत नाही. पाच वर्षं पूर्ण केली तर शेवटच्या मूळ पगाराला १५ ने गुणून, २६ ने भागून, वर्षांनी गुणायचं. २५,००० मूळ पगारावर पाच वर्षांचे ७२,११५ रुपये होतात. बदलता पगार किती मिळेल हे कंपनीच्या नफ्यावर आणि साहेबाच्या शेऱ्यावर ठरतं. त्यासाठी एकच प्रश्न पुरतो: "गेल्या दोन वर्षांत या विभागात व्हेरिएबल किती टक्के दिलं गेलं?"

पीएफ कशावर कापणार हेही विचारा. काही कंपन्या मूळ पगार कितीही असो, १५,००० च्या मर्यादेवरच, म्हणजे १,८०० रुपये कापतात. त्यामुळे हातातला पगार फुगलेला दिसतो आणि निवृत्तीची पुंजी बारीक राहते. नव्या श्रमसंहितांनुसार भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाले तर वरचा भाग वेतनात धरायचा आहे. तेव्हा मूळ पगार अगदी तुटपुंजा दाखवलेला असेल तर त्याबद्दल विचारायला लाजू नका.

आता तुलना. समजा सोलापुरातच २४,००० ची नोकरी आहे. मूळ १५,००० वर १,८०० पीएफ जाऊन (मुलींना या पगारावर व्यवसायकर नाही) २२,२०० हातात येतात. घरखर्चाला ६,००० दिले, पेट्रोलचे २,००० गेले, उरले १४,२००. पुण्याच्या ३६,८०० मधून वाटणीचं भाडं आणि वीज ९,०००, खाणावळ आणि नाश्ता ५,५००, शहरातलं येणं-जाणं २,५००, सोलापूरच्या फेऱ्या २,०००, किरकोळ १,५००. उरले १६,३००. म्हणजे कागदावर साडेचौदा हजारांचा फरक आणि महिनाअखेर एकवीसशेचा. तुमच्या जागी तुमचे आकडे भरा, मुद्दा समजेल: पहिल्या दोन वर्षांत मोठ्या कंपनीचा खरा फायदा शिलकीत क्वचितच दिसतो. तो असलाच तर पुढच्या चार पायऱ्यांत असतो.

४. गरज पडल्यावरच दिसणारे फायदे

त्याच घरात हिशेब संपल्यावर वडिलांनी विचारलं, "आन् आम्ही दोघं आजारी पडलो तर हे कार्ड इथं चालतंय का, का पुण्यालाच आणायचं आम्हाला?" भल्याभल्या उमेदवारांना सुचत नाही असा हा प्रश्न आहे. तुम्ही पुण्यात, बंगळुरात असाल, पण ज्यांना विम्याची गरज जास्त ते आईवडील सोलापुरात आहेत. म्हणून एचआरला विचारा: विम्यात आईवडील आहेत का, त्यांचा हप्ता कोण भरणार, रक्कम कुटुंबाला मिळून किती, आधीपासूनचा मधुमेह-रक्तदाब पहिल्या दिवसापासून धरतात का, आणि कॅशलेस यादीत सोलापुरातली कोणती रुग्णालयं आहेत? यादी मागून घ्या आणि घराजवळचं नाव त्यात शोधा.

मोठ्या कंपनीची बाजू सगळ्यात भक्कम असते ती इथे. साठीच्या पुढच्या, आधीच आजार असलेल्या आईवडिलांना बाजारातून वैयक्तिक पॉलिसी घ्यायची तर हप्ता मोठा आणि प्रतीक्षाकाळ लांब. गट विम्यात तो प्रतीक्षाकाळ बहुधा नसतो. घरात मोठं आजारपण असेल तर हा एक फायदा पाच हजारांच्या पगारवाढीहून मोठा आहे, असं मी निःसंकोच सांगतो. उलट बाजूही लक्षात ठेवा: नोकरीचा शेवटचा दिवस तोच विम्याचाही शेवटचा दिवस. राजीनामा देण्याआधी गट पॉलिसीतून त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्याची सोय विचारून घ्या.

पगार २१,००० च्या आत असेल तर गणित निराळं. तिथे ईएसआय, म्हणजे कामगारांसाठीची सरकारी विमा योजना, लागू होते. तुमचे ०.७५ टक्के, मालकाचे ३.२५ टक्के, आणि त्यात अवलंबून असलेल्या आईवडिलांसह कुटुंबाचा उपचार. सोलापुरात राज्य कामगार विमा रुग्णालयही आहे. पगार २१,००० च्या पुढे गेला की चालू सहामाही संपल्यावर ईएसआय थांबतो. म्हणजे साडेवीस हजारांवरून तेवीस हजारांवर उडी मारणाऱ्याने नव्या ठिकाणी गट विमा नसेल, तर वाढलेले पैसे विम्यालाच जातील हे धरून चालावं.

बाकीचे भराभर सांगतो. पीएफ खात्याला जोडलेला ईडीएलआय विमा असतो, नोकरीत असताना मृत्यू झाल्यास वारसाला जास्तीत जास्त ७ लाख. त्यासाठी वारसनोंद पहिल्याच आठवड्यात ऑनलाइन भरा. प्रसूती रजा पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवडे, आणि पन्नास किंवा अधिक कर्मचारी असतील तर पाळणाघराची सोय द्यावी लागते. दहा किंवा अधिक माणसांच्या ठिकाणी लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती असलीच पाहिजे. माणसांची संख्या मर्यादेत बसली तर हे हक्क छोट्या आस्थापनेलाही लागू आहेत. फरक एवढाच की मोठ्या कंपनीत ते मागताना मालकाच्या डोळ्याला डोळा भिडवावा लागत नाही, एक अर्ज भरला की यंत्रणा चालू होते. मुलींच्या बाबतीत हा फरक छोटा नाही.

५. रोज सकाळी नेमकं काय करायचं आहे?

सोलापुरातल्या युनिफॉर्म बनवणाऱ्या एखाद्या कारखान्यात मर्चंडायझर म्हणून लागलात तर पहिल्या वर्षीच कापडाचा दर काढणं, नमुना मंजूर करून घेणं, कटिंगवाल्याशी भांडणं, शाळेच्या ऑर्डरची तारीख सांभाळणं आणि ट्रान्सपोर्टला माल लावणं, सगळं अंगावर पडतं. कुणी शिकवत नाही, चुकलं की बोलणी बसतात, पण धंद्याची नाडी हाताला लागते. तेच पद मोठ्या कंपनीत असेल तर तुमच्याकडे कदाचित एकाच ग्राहकाच्या एकाच प्रकारच्या मालाचं वेळापत्रक येईल. काम स्वच्छ, पद्धतशीर, आणि अरुंद.

मशीनिंगमध्येही असंच. छोट्या वर्कशॉपमध्ये सेटिंग, प्रोग्रॅम, कोटेशन, दुरुस्ती सगळं एकाच माणसाकडे. मोठ्या ऑटो कंपोनंट कारखान्यात एसपीसी (आकडेवारीने दर्जावर लक्ष ठेवणं), पीपीएपी (नवा भाग ग्राहकाकडून मंजूर करून घेण्याची पद्धत), ईआरपी (सगळा कारभार एकत्र सांभाळणारी संगणकप्रणाली), ग्राहकाचं ऑडिट या गोष्टी शिस्तीने शिकायला मिळतात, आणि त्या छोट्या शेडमध्ये मिळणं अवघड. ज्याला पुढे स्वतःचं युनिट काढायचं आहे त्याने दोन-तीन वर्षं मोठ्या कारखान्यात ही शिस्त जरूर शिकावी, असं माझं मत आहे. सोलापुरातल्या कितीतरी छोट्या युनिटांची गाडी नेमकी इथेच अडते: माल उत्तम असतो, पण कागद नसल्यामुळे मोठा ग्राहक दारात येत नाही.

मुलाखतीत हे विचारा: पहिल्या तीन महिन्यांत माझ्याकडून काय पूर्ण झालेलं हवं आहे? एखादा साधा निर्णय, समजा पाच हजारांची खरेदी, किती सह्यांनी होतो? दोन वर्षांनी या जागेवरचा माणूस साधारण कुठे जातो? समोरच्याकडे तिसऱ्या प्रश्नाला उत्तर नसेल, तर ती जागा भरण्यापुरतीच आहे असं समजायला हरकत नाही.

६. साहेब, टीम आणि आतली बातमी

कंपनीचं नाव मोठं असतं आणि साहेब मात्र एकटाच. पगारवाढ, रजा, बदली, चांगल्या प्रकल्पात नाव, सगळं त्याच्या हातून जातं. बऱ्याच मोठ्या कंपन्यांत वार्षिक मूल्यमापनात सगळ्यांना ठरलेल्या प्रमाणात वर-खाली बसवतात. आठही जणांची टीम चांगली असली तरी कुणाला तरी खालची श्रेणी द्यावीच लागते. छोट्या कंपनीत मालकाची मर्जी चालते, मोठीत तक्त्याची. दोन्हींत अन्याय होतो. तक्त्याविरुद्ध निदान लेखी दाद मागता येते.

आतली बातमी काढायला सोलापूरकरांना लांब जावं लागत नाही. वालचंदचे, पॉलिटेक्निकचे, विद्यापीठाचे माजी विद्यार्थी पुण्यातल्या जवळजवळ प्रत्येक मोठ्या कंपनीत सापडतात. ओळख काढा, पण "कंपनी कशी आहे?" असं विचारू नका. "चांगली आहे" याखेरीज उत्तर येणार नाही. असं विचारा: "दादा, गेल्या वर्षी तुमच्या टीममधून किती जण गेले आणि कुठे गेले? साहेब रात्री नऊनंतर फोन करतात का? घरात कुणी वारलं तेव्हा रजा कशी मिळाली? तुम्ही स्वतःच्या भावाला इथे लावाल का?" शेवटच्या प्रश्नावर माणूस किती वेळ गप्प राहतो तेवढं बघा. निदान दोघांशी बोला, एक आत असलेला आणि एक सोडून गेलेला. नुकताच सोडलेला माणूस रागात असतो, दोन वर्षांपूर्वी सोडलेला बराचसा खरं सांगतो.

७. टिकाव: मोठी म्हणजे पक्की नव्हे

गिरण्यांनी या गावाला शिकवलेला धडा आयटी आणि ऑटोच्या काळातही लागू आहे. मोठी कंपनी बुडण्याची शक्यता कमी असेल, पण तुमचा विभाग बंद होण्याची, प्रकल्प दुसऱ्या शहरात हलण्याची, एका ईमेलने शेकडो माणसं कमी होण्याची शक्यता तिथे खरी असते. छोट्या कारखान्यात मालक शेवटच्या माणसाला काढताना चार रात्री तळमळतो. मोठीत निर्णय घेणाऱ्याने तुम्हाला कधी पाहिलेलंही नसतं.

कायद्याचं संरक्षण कोणाला आणि किती, हे माहीत असू द्या. 'कामगार' व्याख्येत बसणाऱ्याला कपातीच्या वेळी नोटीस आणि दर पूर्ण वर्षामागे १५ दिवसांच्या पगाराएवढी भरपाई मिळते. ३०० किंवा अधिक कामगारांच्या कारखान्याला कपातीसाठी आधी सरकारची परवानगी लागते. ही मर्यादा पूर्वी १०० होती. व्यवस्थापकीय पदावरच्या माणसाला हे संरक्षण नाही. त्याच्या हाती फक्त नेमणूकपत्रातलं नोटीसचं कलम असतं. पदाचं नाव 'मॅनेजर' मिळालं म्हणून खूश होण्याआधी हे वाचा.

यावर उपाय एकच: सहा महिन्यांचा घरखर्च वेगळ्या खात्यात. मोठ्या कंपनीच्या पगारपत्रकावर बँका घरकर्ज पटकन देतात, हा फायदा आहेच. पण रुजू होऊन वर्ष होण्याआधी, नोकरी कायम होण्याआधी, जुळे सोलापुरात फ्लॅट बुक करून मोकळं होणं टाळा.

८. अंतर

पुणे सुमारे अडीचशे किलोमीटर. सकाळची हुतात्मा एक्सप्रेस पुण्याला नेते, संध्याकाळची परत आणते. त्यामुळे शनिवार-रविवार सुट्टी असेल तर घर आवाक्यात राहतं. सहा दिवसांचा आठवडा किंवा बदलत्या शिफ्ट असतील तर मात्र रविवार प्रवासातच संपतो. म्हणून आठवडी सुट्टी कोणती आणि शिफ्ट किती दिवस आधी कळते, हे लेखी विचारा.

जानेवारीतली सिद्धेश्वर यात्रा पुण्या-मुंबईच्या कंपनीच्या सुट्ट्यांच्या यादीत नसते. ज्या घरात पिढ्यान् पिढ्या नंदीध्वज धरण्याचा मान आहे, त्या घरातल्या मुलासाठी हा किरकोळ मुद्दा नाही. वर्षाच्या सुरुवातीलाच त्या दिवसांची रजा टाकून ठेवता येते का, हे रुजू होतानाच बोलून घ्या. मुलींनी रात्रपाळी असल्यास घराच्या दारापर्यंत गाडी आहे का, की चौकात सोडतात, हे विचारावं. उत्तर मोघम आलं तर तिथे काम करणाऱ्या एखाद्या मुलीशी बोलावं.

९. सही करण्याआधी: बाँड आणि नोटीस

नोटीस पीरियड ३० दिवस की ९० दिवस, यावर तुमची पुढची नोकरी ठरते, कारण तीन महिने थांबायला प्रत्येक नवी कंपनी तयार नसते. नोटीसचे पैसे भरून लवकर सुटता येतं का ते कलम शोधा.

बाँडबद्दल (ठरल्या मुदतीआधी नोकरी सोडली तर पैसे भरेन, असं लिहून देणं) "कोर्टात टिकत नाही" असं बेधडक सांगणारे पुष्कळ भेटतात. नोकरी सोडल्यानंतर त्याच धंद्यात काम करू नये अशी अट १८७२ च्या करार कायद्याच्या कलम २७ मुळे सहसा टिकत नाही, हे खरं. पण नोकरीत असतानाची किमान मुदतीची अट वेगळी. विजया बँकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२५ साली तीन वर्षांची अट आणि ती मोडल्यास दोन लाखांची भरपाई ग्राह्य धरली. तेव्हा सही करताना ती रक्कम आपल्याला खरोखर भरावी लागेल असं धरूनच सही करा. मूळ गुणपत्रिका आणि पदवी प्रमाणपत्र कुणाकडेही ठेवायला देऊ नका, दाखवून परत घ्या.

१०. वजन करा, तारीख लावा

आता पहिल्या पायरीचा कागद पुन्हा काढा आणि त्यावरच्या तीन सर्वांत मोठ्या गरजांसमोर लिहा: ही गरज मोठी कंपनी भागवते, सध्याची नोकरी भागवते, की कुणीच नाही? बाकीच्या गोष्टी कितीही आकर्षक असल्या तरी या तिघींपेक्षा वर येऊ देऊ नका.

माझा कौल मागाल तर असा. पंचविशीच्या आत असाल, कंपनीच्या स्वतःच्या हजेरीपटावर नेमणूक असेल आणि काम शिकण्यासारखं असेल, तर जा, निदान तीन वर्षं. नाव मोठं पण हजेरीपट कंत्राटदाराचा आणि काम नुसतं उचल-ठेव, अशा नोकरीपेक्षा गावातली हुनर शिकवणारी छोटी नोकरी बरी, पगार दोन-तीन हजारांनी कमी असला तरी. चाळिशी ओलांडलेली असेल, आईवडील थकलेले असतील, तर विम्याची यादी आणि अंतर हे दोनच रकाने आधी भरा, आणि सोलापूर परिसरातल्याच मोठ्या प्रकल्पांत जागा आहे का ते शोधून मगच बाहेर बघा. होकार दिलात तर अठरा महिन्यांनंतरची तारीख कॅलेंडरवर टाका आणि त्या दिवशी हाच कागद नव्याने भरा.

होकार कळवण्याआधी एचआरला छोटा मेल पाठवा: "ऑफरबद्दल आभारी आहे. होकार देण्यापूर्वी कृपया पुढील बाबी लेखी कळवाव्यात: नेमणुकीचा प्रकार, पीएफ कोणत्या रकमेवर, विम्यात आईवडिलांचा समावेश व सोलापुरातील रुग्णालयांची यादी, आठवडी सुट्टी, नोटीस कालावधी आणि बाँड असल्यास त्याची रक्कम." सभ्य भाषेत विचारलेल्या या प्रश्नांमुळे चांगली कंपनी ऑफर मागे घेत नाही. विचारल्याबद्दल जी रागावते तिची ओळख वेळेत झाली.

सध्याच्या नोकरीचा राजीनामा नवं नेमणूकपत्र हाती आल्यावरच द्यायचा, तोंडी होकारावर नाही. सोलापुरात मालकाला आधी स्वतः भेटून सांगा, मग मेल टाका. त्यांचा शब्द पुढे दहा ठिकाणी उपयोगी पडतो. निघताना रिलीव्हिंग लेटर, अनुभवाचं पत्र, शेवटच्या तीन महिन्यांच्या पगारपावत्या मागून घ्या, आणि आयकर कापला असेल तर त्याचं प्रमाणपत्र (फॉर्म १६) वर्ष संपल्यावर कसं मिळेल ते विचारून ठेवा. उरलेला पगार संहितेनुसार दोन कामाच्या दिवसांत मिळायला हवा. पीएफ काढून घेऊ नका, तोच यूएएन (पीएफचा कायमचा क्रमांक) नव्या ठिकाणी द्या आणि जुनी शिल्लक नव्या खात्यात वळवून घ्या. पेन्शनसाठी लागणारी दहा वर्षांची सेवा तिथूनच जोडली जाते.